मनाचे आरोग्य : मोहनिद्रेची सत्ता कोणाच्या हाती?

सरस्वतीपुरम, म्हैसूर



शरीराचे दुखणे सांगावयास माणूस सहसा लाजत नाही. गुडघा दुखतो, पित्त होते, डोळ्यांपुढे अंधारी येते, हे तो चारचौघांत सांगतो आणि दहा घरचे दहा उपाय ऐकून घेतो. मनाच्या दुखण्याची गोष्ट वेगळी आहे. ते बहुधा घरातल्या बाईला प्रथम कळते, ती ते महिनोन् महिने झाकून ठेवते, आणि अगदीच निभेनासे झाले म्हणजे कोणा परक्याला पत्र लिहून मोकळी होते. ह्या सदराकडे येणारी बरीच पत्रे अशीच असतात. त्यांपैकी एका पत्राचा ह्या वेळी विचार करावयाचा आहे. कारण त्यातील प्रश्न आज अनेक घरांतून विचारला जात आहे.

पत्र खानापूर तालुक्यातील एका भगिनीचे आहे. तिच्या यजमानांचा दोन वर्षांपूर्वी घाटात बसला अपघात झाला. मोडलेले हाड सांधले, जखमा भरून आल्या. परंतु तेव्हापासून ते बसमध्ये बसू शकत नाहीत. पायरीवर पाय ठेवला की छाती धडधडू लागते, तळहात घामाने भिजतात, आणि ते तसेच माघारी फिरतात. नोकरी तालुक्याच्या गावी आहे. रजा संपली, बिनपगारी रजाही संपत आली. आता कोणी तरी त्यांना एका संमोहनतज्ज्ञाचे नाव सुचविले आहे. तीन बैठकांत अपघाताची आठवण समूळ पुसून टाकतो, असे त्या गृहस्थाचे आश्वासन आहे. शिवाय भीतीचे मूळ पूर्वजन्मात असल्यास तेही शोधून काढू, असे तो म्हणतो. फी एवढी आहे की हातातल्या बांगड्या मोडाव्या लागतील. भगिनी विचारते: आठवण खरोखरच पुसली जाते काय? आणि त्या निद्रेत माझ्या यजमानांचे मन परक्या माणसाच्या ताब्यात तर जाणार नाही ना?

हे दोन प्रश्न वरवर पाहता निराळे दिसले, तरी त्यांचे मूळ एकच आहे. संमोहनात जे घडते ते कोणाच्या सामर्थ्याने घडते? निजविणाऱ्याच्या की निजणाऱ्याच्या? ह्याचे उत्तर नीट कळले, म्हणजे ह्या उपचाराकडे काय मागावे आणि काय मागू नये, हेही कळते.

हे सदर जेथून लिहिले जाते त्या सरस्वतीपुरमाच्या शेजारीच म्हैसूर विद्यापीठाचा परिसर आहे. कवी कुवेंपु यांनी त्याला ‘मानसगंगोत्री’ असे सुंदर नाव दिले. ह्या विद्यापीठाच्या महाराजा कॉलेजात १९२४ साली डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांच्या नेतृत्वाखाली मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. म्हणजे मनाचे व्यापारही प्रयोगाने पारखून घेता येतात, ही दृष्टी आपल्याकडे रुजून शंभर वर्षे झाली. तरीसुद्धा ‘संमोहन’ हा शब्द कानी पडताच भल्या भल्या सुशिक्षितांचा विवेक डळमळतो. कोणी त्याला जादू समजून त्याच्या पायी लागतो, तर कोणी थोतांड समजून पाठ फिरवितो. दोन्ही वृत्ती जुन्याच आहेत, आणि त्यांचा उगम पाहण्यासाठी अठराव्या शतकातील पॅरिसला जावे लागते.

त्या काळी फ्रान्झ मेस्मर नावाचा वैद्य पॅरिसमध्ये रोग्यांवर एक विलक्षण उपचार करीत असे. विश्वात एक अदृश्य चुंबकीय प्रवाह भरलेला असून तो आपण रोग्याच्या देहात सोडू शकतो, असा त्याचा दावा होता. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशी मंडळे नेमली. त्यांपैकी प्रमुख मंडळात बेंजामिन फ्रँकलिन आणि थोर रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए हे होते. फ्रँकलिनच्या बागेतील एका झाडात हा प्रवाह ‘भरण्यात’ आला आणि एका बारा वर्षांच्या मुलाला डोळे बांधून एकेका झाडापाशी नेण्यात आले. मुलगा मूर्च्छा येऊन पडला खरा. परंतु पडला तो भलत्याच झाडापाशी! मंडळाने निर्णय दिला की प्रवाह वगैरे काही नाही, हा सारा कल्पनेचा खेळ आहे. निर्णय बरोबर होता. पण ‘केवळ कल्पना’ असे म्हणून विद्वानांनी विषयच टाकून दिला. कल्पनेने जर धडधाकट मुलगा खाली पडतो, तर त्याच कल्पनेने पडलेला माणूस उठणार नाही काय? ह्या प्रश्नाचा ज्यांनी नेटाने पाठपुरावा केला, त्यांत एक गोमंतकीय धर्मगुरू अग्रभागी होता.

जुझे कुस्तोदिओ द फारिया यांचा जन्म १७५६ साली बारदेशातील कांदोळी येथे झाला. १७७१ साली ते वडिलांबरोबर पोर्तुगालला गेले, पुढे रोम येथे धर्मगुरू झाले आणि १७८८ मध्ये पॅरिसला पोहोचले. जग त्यांना आबे फारिया म्हणून ओळखते. त्यांच्या तरुणपणाची एक आख्यायिका गोव्यात आजही सांगतात. लिस्बनमध्ये राणीसमोर प्रवचन करावयास ते उभे राहिले आणि समोरचा सरदार-दरबाऱ्यांचा थाट पाहून त्यांची वाचाच बसली. तेव्हा जवळ असलेले वडील कोकणीत हळूच पुटपुटले, “ही सगळी भाजी, कातर रे भाजी!” हे शब्द कानी पडताच भीती ओसरली आणि प्रवचन अस्खलित पार पडले. घडले ते एवढेच: घरच्या भाषेतले दोन-तीन शब्द आले, आणि मनाने तेच दृश्य निराळ्या दृष्टीने पाहिले. ऐकणाऱ्याचे स्वतःचे सामर्थ्य क्षणापूर्वी गोठले होते, ते मोकळे झाले.

ही आख्यायिका खरी असो वा नसो, फारिया यांनी पुढे मांडलेला सिद्धान्त मात्र तिच्याशी जुळणारा आहे. १८१३ पासून पॅरिसमध्ये ते ह्या विद्येची जाहीर प्रात्यक्षिके करीत. खुर्चीत बसलेल्या माणसाला ते चित्त एकाग्र करून झोपेचा विचार करावयास सांगत आणि मग खणखणीत आवाजात आज्ञा देत, “झोपा!” हे करताना ते स्पष्ट सांगत की माझ्या अंगी कसलीही अद्भुत शक्ती नाही, माझ्या बोटांतून कसलाही प्रवाह निघत नाही, जे घडते ते तुमच्याच एकाग्रतेमुळे घडते. प्रत्येकाला ही निद्रा लागत नाही, ती लागण्याची पात्रता ज्याची त्याच्यातच असावी लागते, असेही त्यांचे म्हणणे होते. पॅरिसने त्यांची चेष्टा केली; त्यांची टर उडविणारे नाटकही रंगभूमीवर आले. १८१९ साली, ज्या वर्षी त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, ते वारले. पुढे नान्सी येथील बर्नहाइम ह्या वैद्याने सूचनेचे शास्त्र उभारले, तेव्हा फारिया यांचे श्रेय त्याने मोकळेपणाने मान्य केले.

पणजीस जुन्या सचिवालयाजवळ फारिया यांचा पुतळा अनेक वाचकांनी पाहिला असेल. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांची ही कृती १९४५ साली उभारण्यात आली. झगा घातलेले फारिया दोन्ही हात पसरून उभे आहेत आणि पुढ्यात एक स्त्री मागे कलंडली आहे. शिल्प विलक्षण प्रभावी आहे. तथापि ते पाहणाऱ्याच्या मनावर ठसा उमटतो तो असा की त्या हातांतूनच काही तरी शक्ती वाहत आहे. जे मत खोडून काढण्यासाठी हा माणूस झटला, त्याच मताची आठवण त्याचा पुतळा करून देतो! खानापूरच्या भगिनीला वाटणारे भय हे ह्याच समजुतीतून आलेले आहे, आणि त्या तज्ज्ञाची मोठी फीसुद्धा ह्याच समजुतीवर उभी आहे.

आता आजचे शास्त्र काय म्हणते ते पाहू. ‘हिप्नॉटिझम’ हा शब्द जेम्स ब्रेड ह्या स्कॉटिश शस्त्रवैद्याने १८४३ मध्ये आपल्या ग्रंथात ग्रीक भाषेतील निद्रावाचक शब्दावरून रूढ केला. पण ही झोप नव्हे, हे पुढे त्याच्याच ध्यानी आले. मोहनिद्रेत माणूस जागा असतो, बोललेले ऐकतो, बहुधा ते नंतर त्याला आठवतेही. फक्त त्याचे अवधान एका गोष्टीवर इतके खिळते की बाकीच्या गोष्टी मागे पडतात. ह्या अवस्थेची चुणूक आपणा सर्वांना असते. कादंबरी रंगात आली असता चुलीवरचे दूध उतू जाते आणि वास आला तरी उमगत नाही. कीर्तन रंगले म्हणजे दुखरी कंबर दोन तास विसरली जाते. तेच अवधान हेतुपूर्वक, उपचाराच्या कामी लावणे म्हणजे संमोहन. ही क्षमता सर्वांत सारखी नसते. वाइट्झेनहॉफर व हिल्गार्ड यांनी १९५९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात तिचे माप तयार केले. अशा मापनांवरून दिसते की शेकडा दहा-पंधरा लोकांना ही निद्रा फार सहज लागते, जवळजवळ तितक्यांनाच ती लागत नाही, आणि उरलेले आपण सारे मधले.

ह्या उपचाराचा उपयोग होतो काय? होतो, पण कशासाठी हे नेमके समजून घ्यावे. ब्रिटिश वैद्यक संघाने १९५५ मध्ये आणि अमेरिकन वैद्यक संघाने १९५८ मध्ये संमोहनाला वैद्यकात स्थान असल्याचे मान्य केले. वेदना कमी करणे, शस्त्रक्रियेपूर्वीची धास्ती घालविणे, मनाच्या ताणाने बिघडणाऱ्या आतड्याच्या विकारात आराम देणे, ह्या बाबतींत त्याच्या बाजूने चांगला पुरावा आहे. आतड्याच्या विकारावर मँचेस्टरचे डॉ. व्हॉरवेल यांनी १९८४ मध्ये ३० रोग्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. भीती, चिंता, निद्रानाश अशा मनाच्या तक्रारींत संमोहन हे स्वतंत्र औषध म्हणून नव्हे, तर दुसऱ्या मान्य उपचाराचे साहाय्यक म्हणून उपयोगी पडते. भाजीला फोडणी हवी; पण नुसत्या फोडणीने पोट भरत नाही.

आता भगिनीचा पहिला प्रश्न. आठवण पुसली जाते काय? नाही. लिहिलेली पाटी पुसावी तशी कोणाचीही आठवण कायमची पुसून टाकण्याचे सामर्थ्य संमोहनात नाही. उलट दुसरा एक धोका आहे. संमोहित माणसाच्या मनात नसलेली आठवण रुजू शकते. कॅनडातील लॉरेन्स व पेरी ह्या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये सहज संमोहित होणाऱ्या २७ व्यक्तींना, एका रात्री मोठा आवाज होऊन तुम्ही जागे झालात, अशी सूचना दिली. तसे काही घडलेच नव्हते; तरी नंतर त्यांतील १३ जण ती खरीच घटना असल्याचे सांगू लागले. अमेरिकन वैद्यक संघानेही १९८५ मध्ये बजावले की संमोहनाने उजेडात आलेल्या आठवणी अधिक खऱ्या नसतात. त्यांवरचा माणसाचा विश्वास मात्र वाढलेला असतो. पूर्वजन्माच्या गोष्टी ह्याच वाटेने निघतात. विचारणारा सुचवितो, मन कथा रचते, आणि ती रचलेली कथा खऱ्या दुःखाला येऊन चिकटते. एका अपघाताचे भय ज्याला पेलत नाही, त्याच्या माथी आणखी एका जन्माचे ओझे कशासाठी द्यावे?

दुसरा प्रश्न ताब्याचा. मोहनिद्रेत माणूस यंत्र होत नाही. त्याला नको ते तो नाकारू शकतो, डोळे उघडून उठू शकतो, सांगावयाचे नाही ते गाळू शकतो. परंतु एवढ्यावर निर्धास्त राहू नये. माणूस त्या वेळी नेहमीपेक्षा अधिक विश्वासू व हळवा झालेला असतो, आणि विश्वासाचा गैरफायदा घेण्यास मोहिनीची गरज नसते. म्हणून समोरचा माणूस कोण आहे, हे पाहणे अगत्याचे आहे. रुग्णाची इच्छा असल्यास घरचे माणूस जवळ बसू द्यावे. जो ह्याला हरकत घेतो, त्याच्याकडे जाऊ नये.

मग त्या यजमानांनी काय करावे? त्यांची भीती टिकून का राहिली, ते आधी पाहू. बसच्या पायरीवरून माघारी फिरताच छातीतील धडधड थांबते आणि हायसे वाटते. तेवढ्यावरून मन धडा घेते की परतलो म्हणूनच वाचलो. प्रत्येक माघार हा धडा गिरवीत जाते, आणि भीती दिवसेंदिवस पक्की होते. तेव्हा आठवण पुसण्याने नव्हे, तर हा धडा उलटा गिरविण्याने गुण येतो. मानसोपचारांत ह्याची पद्धत ठरलेली आहे. पहिल्या आठवड्यात बसथांब्यावर नुसते बसावे. मग आगारात उभ्या असलेल्या रिकाम्या बसमध्ये बसावे. मग एक थांबा, मग दोन. प्रत्येक पायरीवर धडधड आपोआप ओसरेपर्यंत तेथेच थांबावे. संमोहनाचे काम येथे सुरू होते. तज्ज्ञ रोग्याला शांत व एकाग्र करून हाच प्रवास आधी कल्पनेत करवून घेतो. त्यामुळे प्रत्यक्ष पायरी चढताना ती अनोळखी वाटत नाही. कल्पनेतली ही तालीम कितीही चांगली झाली, तरी बसमध्ये बसावे लागतेच, आणि ते ज्याचे त्यालाच करावे लागते. मात्र अपघाताची दुःस्वप्ने पडत असतील, दचकून जाग येत असेल, तर हा क्रम घरच्या घरी न आखता तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच सुरू करावा.

तज्ज्ञ ओळखावा कसा? तो मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर असावा, किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ असावा. तो आधी सर्व हकीकत विचारतो, चालू औषधे विचारतो, फेफरे येते काय ते विचारतो. बैठकांची हमी देत नाही. घरी करावयाचा अभ्यास देतो आणि स्वतःची गरज हळूहळू कमी करीत नेतो. जो औषधे एकदम बंद करावयास सांगतो, पूर्वजन्म दाखवितो किंवा रंगमंचावर लोकांना नाचवितो, त्याला दुरूनच नमस्कार करावा. भास होणे, कोणी पाठलाग करीत आहे असे वाटणे, जीव नकोसा होणे, अशी लक्षणे असतील तर संमोहनाच्या वाटेला न जाता ताबडतोब डॉक्टरकडे जावे.

खानापूरकरांस धारवाडची ‘डिमहान्स’ ही सरकारी संस्था जवळ आहे. बेंगळूरची ‘निम्हान्स’ सर्वश्रुतच आहे. महाराष्ट्रातील वाचकांस ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासकीय मनोरुग्णालये आहेत. ह्या नावांना भिऊ नये. तेथील बाह्यरुग्ण विभागात रोज साधी माणसे साध्या तक्रारी घेऊन येतात. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये भारत सरकारने ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ ह्या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य सल्ला मिळतो. बांगड्या मोडण्यापूर्वी एवढा एक दूरध्वनी अवश्य करावा.

शेवटी, ज्यांना मोठा विकार नाही, पण परीक्षा, मुलाखत, चारचौघांतले बोलणे अशा प्रसंगांची धास्ती आहे, त्यांनी एक छोटा अभ्यास करून पाहण्यास हरकत नाही. संध्याकाळी दहा मिनिटे स्वस्थ बसावे. श्वास सावकाश सोडावा. पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक अवयव सैल करीत जावे. मग तो प्रसंग डोळ्यांपुढे आणून एकच वाक्य मनाशी म्हणावे. ते वाक्य मनाला पटणारे असावे. “मला भीती वाटतच नाही” हे खोटे असते आणि मन ते जाणते. “भीती आली तरी मी जागचा हलणार नाही” हे खरे करून दाखविता येते. दुसरे म्हणजे ते आपल्या घरच्या बोलीत असावे. आम्हां भाषांतर करणारांचा रोजचा अनुभव असा की पुस्तकी शब्दाचा अर्थ कळतो, पण धीर येतो तो लहानपणी ज्या शब्दांनी आईने उगी केले त्या शब्दांनी. लिस्बनच्या त्या आख्यायिकेतले वडीलही दरबारी पोर्तुगीजमध्ये बोलले नाहीत.

पत्र पाठविणाऱ्या भगिनीस आमचे सांगणे एवढेच की, आपल्या यजमानांना पुन्हा बसमध्ये बसविणारी शक्ती कोणा तज्ज्ञाकडून विकत घ्यावयाची नाही. ती त्यांच्यापाशी आहे. भीतीने ती अडवून धरली आहे. चांगला तज्ज्ञ ती वाट मोकळी करावयास मदत करील. आपणही पहिल्या दिवशी त्यांच्याबरोबर थांब्यावर जाऊन नुसत्या बसून राहा. बस आली आणि निघून गेली तरी काही बोलू नका. तो दिवस फुकट गेला असे मानू नका. उपचाराची सुरुवात तेथेच झालेली असेल.

पुढील अंकी रात्री झोप न येण्याच्या तक्रारीचा विचार करू.